हर्ट्झ निवृत्त झालेला नाही : दोन वस्तूंच्या स्पर्शाचा इतिहास आणि एका सोयीस्कर कथेचा समाचार

१/
विज्ञानाच्या इतिहासावर मराठीत आता पुष्कळ धागे लिहिले जाऊ लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट. पण त्यांतून एक कथा इतक्या वेळा फिरते आहे की तिचा समाचार घेणे भाग आहे. कथा अशी : पूर्वी अभियंते कागदावर सूत्रे मांडून उत्तरे काढीत, ती सूत्रे आदर्श गोलांना आणि गुळगुळीत पृष्ठांना तेवढी लागू पडत, पुढे संगणक आला, फायनाइट एलिमेंट पद्धत आली आणि जुनी सूत्रे सन्मानाने निवृत्त झाली.

२/
ही कथा मुळातच चुकीची आहे. ती सर्वांत उघडी पडते ती दोन घन वस्तू एकमेकींना टेकतात तेथे. बेअरिंगमधला छर्रा आणि त्याची खोबण, चाक आणि रूळ, एकमेकांत अडकून फिरणारे गिअरचे दाते. या अभ्यासाला स्पर्शयांत्रिकी म्हणू. मी इतिहासाचा विद्यार्थी आहे, अभियंता नाही. गणित लागेल तेवढेच देईन. पण साधनांची छाननी कशी करावी हे आम्हांला शिकवले जाते, आणि येथे वाद साधनांचाच आहे.

३/
आधी प्रश्न समजून घेऊ. पोलादी गोल सपाट पोलादी पाटावर ठेवला, तर भूमितीच्या मते तो एका बिंदूत टेकतो. बिंदूला क्षेत्रफळ नसते. मग त्या बिंदूवरचा दाब अनंत व्हावा आणि पोलाद तत्क्षणी फुटावे. तसे होत नाही, कारण गोल आणि पाट दोन्ही किंचित चेपतात आणि बिंदूचे वर्तुळ होते.

४/
ते वर्तुळ केवढे? ते दाब कसा पसरला आहे यावर अवलंबून. दाब कसा पसरला आहे? ते वर्तुळ केवढे आहे यावर अवलंबून. पुलाच्या गणितात आधार कोठे आहे हे आधीच ठाऊक असते. येथे आधाराची सीमाच अज्ञात असते. हे लक्षात ठेवा. पुढची सव्वाशेहून अधिक वर्षे सगळे जण याच एका अडचणीशी झुंजत आहेत.

५/
बर्लिन, १८८०. हाइनरिख हर्ट्झ नुकताच पीएच.डी. होऊन हेल्महोल्ट्झचा साहाय्यक झाला होता. (होय, तोच हर्ट्झ, ज्याच्या नावाने आपण वारंवारता मोजतो, पण विद्युतचुंबकीय लहरींचे ते प्रयोग अजून सात-आठ वर्षे दूर आहेत.) बर्लिनच्या भौतिकी संस्थेत न्यूटनच्या वलयांविषयी चर्चा चालू होती. दोन भिंगे एकमेकांवर ठेवली की प्रकाशाची जी रंगीत कडी दिसतात, ती ही वलये. हर्ट्झला प्रश्न पडला : भिंगे एकमेकांवर दाबली गेल्यामुळे काचच चेपत असेल, तर वलयांच्या आकारावर तिचा परिणाम होणार नाही का?

६/
१८८०च्या नाताळच्या सुट्टीत त्याने हे गणित सोडवले आणि जानेवारी १८८१मध्ये संस्थेपुढे मांडले. वय वर्षे २३. येथे आपले धागे टाळ्या वाजवून थांबतात : तेवीस वर्षांचा पोरगा, सुट्टीचे चार दिवस, आणि एक अजरामर सिद्धान्त!

७/
टाळ्यांना हरकत नाही. पण सुट्टीच्या त्या दिवसांच्या मागे काय काय तयार होते, ते पाहा. विद्युतभारित लंबगोलाभोवतीचे विभव कसे काढायचे, हे गणित एकोणिसाव्या शतकात पूर्ण विकसित झालेले होते. हर्ट्झची खरी चमक अशी की, दोन वस्तूंमधल्या दाबाचे गणित आणि त्या लंबगोलाचे गणित यांचा साचा एकच आहे, हे त्याने ओळखले. दाब स्पर्शवर्तुळाच्या मध्याशी सर्वांत जास्त आणि कडेला शून्य, अर्ध्या लंबगोलासारखा चढत-उतरत जाणारा असेल, असे त्याने धरले आणि ते सर्व अटी पाळते हे दाखवले. यांत्रिकीचा प्रश्न विजेच्या किल्लीने उघडला गेला. एकट्या प्रतिभावंताची कथा सांगताना ही किल्ली कोणी घडवली होती, हे गाळले जाते.

८/
आणखी एक गोष्ट गाळली जाते. त्या व्याख्यानाला शुद्ध भौतिकीवाल्यांइतकीच तंत्रज्ञ मंडळीही उत्सुक होती. त्यांच्या आग्रहातून १८८२मध्ये दुसरा निबंध आला, उद्योगवृद्धीसाठी चालणाऱ्या एका संस्थेच्या वृत्तात. त्यात प्रयोग होते आणि काठिण्याची व्याख्या करण्याचा प्रयत्न होता. ती व्याख्या टिकली नाही. स्पर्शाचे गणित टिकले. भिंगांपासून निघालेला प्रश्न दोन वर्षांच्या आत कारखान्याच्या दारात उभा होता.

९/
सूत्र काय सांगते? गोल आणि पाट यांच्यासाठी स्पर्शवर्तुळाची त्रिज्या भाराच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते. भार आठपट केला तर त्रिज्या दुप्पट होते, आणि मध्यावरचा सर्वोच्च दाबही फक्त दुप्पट. हा सर्वोच्च दाब सरासरी दाबाच्या दीडपट असतो. स्पर्शाच्या जगात दामदुप्पट सरळ हिशेबाने होत नाही, हे येथे प्रथम आकड्यांत दिसले.

१०/
प्रत्यक्ष आकडे घेऊ; पुढे ते लागणार आहेत. १० मिलिमीटर व्यासाचा पोलादी छर्रा, खाली सपाट पोलादी पाट, वरून १०० न्यूटन भार, म्हणजे साधारण दहा किलोचे वजन. पोलादाचा यंग गुणांक २१० गिगापास्कल आणि प्वासाँ गुणोत्तर ०.३ धरा. हर्ट्झचे उत्तर : स्पर्शवर्तुळाची त्रिज्या ०.१४८ मिलिमीटर. मध्यावरचा दाब सुमारे २.१८ गिगापास्कल, वातावरणाच्या दाबाच्या एकवीस हजार पटींहून अधिक. छर्रा आणि पाट एकमेकांकडे सरकतात ते अवघे ४.४ मायक्रोमीटर.

११/
हातात धरता येईल एवढ्या छर्‍यावर, घरातल्या धान्याच्या पोत्याएवढ्या वजनाने, एवढा दाब! बेअरिंग बनवणाऱ्यांना हे आधी ठाऊक नव्हते. शतक संपता संपता जर्मनीत रिखार्ड श्ट्रिबेकने बॉल बेअरिंगवर पद्धतशीर प्रयोग केले. एका बेअरिंगमध्ये कोणत्या छर्‍यावर किती भार येतो, याचा हिशेब हर्ट्झच्या सूत्राशिवाय लागत नव्हता. सर्वांत जास्त भार सोसणाऱ्या छर्‍याच्या वाट्याला एकूण भार भागिले छर्‍यांची संख्या याच्या ४.३७ पट भार येतो, असे त्याने काढले आणि सावधगिरी म्हणून ती संख्या ५ धरली. पुढे कित्येक दशके ती ५ तशीच वापरात राहिली.

१२/
आता हर्ट्झच्या अटी. वस्तू स्थितिस्थापक हव्यात, म्हणजे भार काढला की पूर्ववत होणाऱ्या. स्पर्शाचे क्षेत्र वस्तूच्या आकारापुढे अगदी लहान हवे. पृष्ठे गुळगुळीत, घर्षण नाही, चिकटणे नाही. वास्तवात यांतली एकही अट पूर्णपणे पाळली जात नाही. म्हणून तर सूत्र कालबाह्य झाले, असे म्हणणारे येथे उड्या मारतात.

१३/
पण या अटी मोडण्याचे काम संगणकाने हाती घेण्याच्या कितीतरी आधी कागदानेच सुरू केले होते. १९२६मध्ये इंग्लंडमध्ये कार्टरने आगगाडीच्या इंजिनाचे चालकचाक रुळावर ओढ देते तेव्हा स्पर्शक्षेत्राचा काही भाग चिकटून राहतो आणि काही भाग घसरतो, हे मांडले. १९३८मध्ये इटलीत कात्तानेओने आणि १९४९मध्ये अमेरिकेत मिंडलिनने, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, आडव्या बलाखालच्या अशाच अर्धवट घसरणीचे गणित केले. रशियात बेल्याएव्हने पृष्ठाखालच्या प्रतिबलांचा हिशेब मांडला. त्यातून निघालेली गोष्ट विलक्षण आहे : घर्षण नसेल तर वस्तूला कातरू पाहणारे प्रतिबल पृष्ठावर सर्वाधिक नसते, ते पृष्ठाखाली असते, स्पर्शत्रिज्येच्या सुमारे ०.४८ पट खोलीवर. आपल्या छर्‍याखाली ०.०७ मिलिमीटरवर. वरून चकचकीत दिसणारे बेअरिंग आतून का तडकते, त्याचे बरेचसे उत्तर येथे आहे.

१४/
घर्षण वाढत गेले की ते शिखर वर सरकते आणि शेवटी पृष्ठावर येते. हेही लक्षात असू द्या. रुळांकडे आपल्याला परत यायचे आहे.

१५/
हर्ट्झच्या सूत्राला खरा धक्का १९७१मध्ये बसला, आणि तोही फायनाइट एलिमेंटने दिलेला नव्हता. रॉबर्ट्स मोटारीच्या वायपरच्या रबराचा अभ्यास करीत होता, केंडल काचेच्या पृष्ठांचा. दोघांनाही दिसले की भार अगदी कमी असताना स्पर्शक्षेत्र हर्ट्झच्या उत्तराहून मोठे निघते, आणि भार शून्यावर आणला तरी ते शून्य होत नाही. पृष्ठे एकमेकांना चिकटत होती. केंब्रिजच्या केनेथ जॉन्सनबरोबर दोघांनी मिळून नवे सूत्र दिले. तिघांच्या आद्याक्षरांवरून ते जेकेआर म्हणून ओळखले जाते.

१६/
आता माझा प्रश्न. समजा, त्या वेळी जगातला सर्वांत मोठा संगणक हाताशी असता आणि त्याला न चिकटणाऱ्या, स्थितिस्थापक गोलाचे गणित दिले असते, तर काय उत्तर आले असते? हर्ट्झचेच, अधिक दशांशस्थळांसह. जाळी कितीही बारीक केली तरी तुम्ही न सांगितलेली गोष्ट ती शोधून काढत नाही. चूक गृहीतकात होती. ती सापडली रबर आणि काच यांच्याकडे डोळे उघडून पाहणाऱ्यांना.

१७/
आता संगणकाच्या बाजूकडे वळू. फायनाइट एलिमेंट म्हणजे काय, हे एका वाक्यात : गुंतागुंतीच्या वस्तूचे लहान लहान साध्या आकाराच्या तुकड्यांत विभाजन करायचे, प्रत्येक तुकड्याचे वागणे सोप्या समीकरणांनी मांडायचे आणि ती सर्व समीकरणे एकत्र सोडवायची. तुकडे जेथे जुळतात त्या बिंदूंना गाठी म्हणू, आणि सगळ्या तुकड्यांना मिळून जाळी.

१८/
हिचा जन्मदाखला कोणाच्या नावावर लिहायचा, यावरही भांडणे आहेत. १९४१चा रेनिकॉफ, १९५४–५५चा आर्गिरिस, बोइंगच्या विमानपंखांसाठी केलेला टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांचा १९५६चा निबंध, आणि चीनमध्ये जवळजवळ एकाकीपणे काम करून १९६५मध्ये तेथेच पोहोचलेला फेंग कांग. नाव क्लफने १९६०मध्ये दिले. एका शोधाचा एकच जनक हवा, हा आपला हट्ट शिवकालापासून संगणकापर्यंत सारखाच आहे, असो.

१९/
मला या यादीतला सर्वांत रंजक वाटतो तो रिखार्ड कूरांट. नाझी राजवटीने १९३३मध्ये त्याला ग्योटिंगेनच्या अध्यापनातून दूर केले. तो न्यूयॉर्कला गेला. १९४३मध्ये छापलेल्या त्याच्या एका व्याख्यानाच्या शेवटी पोकळ चौकोनी दांड्याच्या पिळाचे गणित आहे, आणि ते दांड्याच्या छेदाचे त्रिकोणांत विभाजन करून सोडवलेले आहे. त्याच निबंधात दुसरी एक कल्पना आहे : एखादी अट काटेकोरपणे पाळायला लावण्याऐवजी, ती मोडल्याबद्दल जबर दंड लावायचा, म्हणजे उत्तर आपोआप अटीच्या जवळ येते. आज संगणकावर स्पर्शाचे प्रश्न सोडवण्याची जी सर्वांत प्रचलित रीत आहे, ती हीच दंडपद्धत. दोन वस्तू एकमेकींत घुसू नयेत, ही अट; घुसल्या तर ताठ स्प्रिंगसारखे बल त्यांना मागे ढकलते, हा दंड.

२०/
दुसरी प्रचलित रीत लाग्रांज गुणकांची. लाग्रांजचा विश्लेषणात्मक यांत्रिकीवरचा ग्रंथ १७८८चा. म्हणजे ज्याला आपण संगणकयुगाचे शस्त्र म्हणतो, त्याची एक मूठ फ्रेंच राज्यक्रांतीच्या आदल्या वर्षाची आहे आणि दुसरी दुसऱ्या महायुद्धातली. जुने गेले, नवे आले, ही रेषा कोठे आखायची?

२१/
आणि या दोहोंच्या मध्ये एक गोष्ट आहे जी मी मराठीत कोठेच वाचली नाही. रोममध्ये अन्तोनियो सिन्योरिनी नावाचा गणिती होता. त्याने विचारले : घर्षणरहित, ताठ पृष्ठावर ठेवलेल्या कोणत्याही आकाराच्या स्थितिस्थापक वस्तूसाठी हा प्रश्न मांडला तर त्याला उत्तर असते का, आणि एकच असते का? अडचण तीच, चौथ्या क्रमांकाची. पृष्ठाच्या प्रत्येक बिंदूवर दोन शक्यता : एकतर फट आहे आणि दाब नाही, किंवा फट नाही आणि दाब आहे. कोणता बिंदू कोणत्या गटात, हे आधी कोणीच सांगू शकत नाही. सिन्योरिनी याला संदिग्ध सीमा-अटींचा प्रश्न म्हणत असे.

२२/
त्याचा शिष्य गाएतानो फिकेरा याने हा प्रश्न हाती घेतला. गुरू आजारी, वय पंचाहत्तरच्या आसपास. जानेवारी १९६३मध्ये फिकेराने सिद्धता पूर्ण केली : उत्तर असते, आणि ते केव्हा एकमेव असते हेही सांगता येते. ती बातमी गुरूला मिळाली. २३ फेब्रुवारी १९६३ रोजी सिन्योरिनी वारला. फिकेराने त्या प्रश्नाला गुरूचेच नाव दिले.

२३/
या सिद्धतेतून समीकरणांऐवजी असमतांवर उभी असलेली गणिताची एक नवी शाखाच वाढली. संगणकावरचा स्पर्श-कार्यक्रम काय करतो? कोणत्या गाठी टेकल्या आहेत याचा अंदाज बांधतो, सोडवतो, कोठे घुसखोरी झाली आणि कोठे ओढणारा दाब आला हे तपासतो, अंदाज सुधारतो, पुन्हा सोडवतो. हा खेळ कोठेतरी थांबेल, थांबण्याजोगे उत्तर अस्तित्वात आहे, ही हमी कागदावरच्या सिद्धतेची आहे. (घर्षण आणले की ती हमी सैल होते, घर्षणांक मोठा असेल तर उत्तर एकच असेल असे सर्वसाधारणपणे म्हणता येत नाही. रंगीत चित्र मात्र तरीही एकच येते.)

२४/
१९७०–७१च्या सुमारास विल्सन आणि पार्सन्स, चॅन आणि टुबा यांचे स्पर्शावरचे फायनाइट एलिमेंट निबंध आले. चॅन–टुबा यांच्या दोन भागांपैकी पहिल्याच्या शीर्षकात सिद्धान्ताच्या जोडीला पडताळणी हा शब्द आहे. दुसरा भाग टर्बाइनच्या पात्यांच्या बैठकीविषयीचा. त्या पात्यांचे गणित हर्ट्झच्या सूत्राने होण्यासारखे नव्हतेच, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. भोकात जवळजवळ त्याच मापाची खीळ बसवली, की स्पर्शक्षेत्र लहान राहत नाही आणि हर्ट्झचा आधार सुटतो. कोपरे आले, पोलाद कायमचे दबले, थरांवर थर आले, तरी तेच. मोटारीची टक्कर तर दूरच. (टक्करीच्या गणिताची वंशावळही वाचण्यासारखी आहे : अमेरिकेच्या लिव्हरमोर प्रयोगशाळेत १९७६मध्ये जॉन हॉलक्विस्टने लिहिलेला कार्यक्रम आधी अण्वस्त्र जमिनीवर आदळते तेव्हा काय होते हे पाहण्यासाठी होता.) येथे फायनाइट एलिमेंटला पर्याय नाही, आणि तिची थोरवी कमी करण्याचा माझा हेतूही नाही.

२५/
माझा वाद निवृत्त या शब्दाशी आहे. परत आपल्या छर्‍याकडे या. समजा, तो तुम्हांला फायनाइट एलिमेंटने सोडवायचा आहे. स्पर्शत्रिज्या ०.१४८ मिलिमीटर. तिच्यात निदान दहा तुकडे तरी हवेत, म्हणजे एक तुकडा ०.०१५ मिलिमीटरचा. संपूर्ण छर्रा याच मापाच्या तुकड्यांनी भरायचा तर साडेपंधरा कोटी तुकडे लागतील, पाट वेगळाच. असे कोणी करीत नाही. स्पर्शाजवळ जाळी बारीक आणि दूर जाड ठेवतात.

२६/
पण जवळ म्हणजे किती जवळ आणि बारीक म्हणजे किती बारीक, हे तुम्हांला गणित करण्याआधी कोण सांगणार? १८८१चा निबंध. ०.१ मिलिमीटरचे तुकडे घेतले असते तर सगळा स्पर्श एक-दोन गाठींवर आला असता आणि मध्यावरच्या दाबाचा आकडा निरर्थक ठरला असता. चित्र मात्र तेवढेच सुंदर, लाल-पिवळे-निळे आले असते.

२७/
दंडाचे पाहा. स्प्रिंग मऊ ठेवली तर वस्तू एकमेकींत शिरतात. फार ताठ ठेवली तर समीकरणे हटवादी होतात आणि उत्तर थरथरते. कार्यक्रमाने एक मायक्रोमीटर घुसखोरी चालवून घेतली, तर ते फार वाटते का? एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सोडून द्यावा असा. पण छर्रा आणि पाट यांचे एकूण जवळ येणेच ४.४ मायक्रोमीटर आहे. म्हणजे जवळजवळ चौथाई उत्तर दंडाच्या खात्यात गेले. हे तुम्हांला कळले कशामुळे? ४.४ हा आकडा आधी हाताशी होता म्हणून.

२८/
म्हणूनच स्पर्श सोडवणाऱ्या नव्या कार्यक्रमाला आधी हर्ट्झपुढे उभे करण्याची रीत आजही आहे. अबाकससारख्या बाजारातल्या मोठ्या पॅकेजच्या चाचणी-उदाहरणांत हर्ट्झचा प्रश्न असतो. ज्याला निवृत्त म्हणता, तो परीक्षकाच्या खुर्चीत बसलेला आहे.

२९/
इतिहासाच्या विद्यार्थ्यांना हे नवे वाटू नये. १८९८मध्ये राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा वाद हाच होता : सलग, रंगतदार, सर्व प्रसंग भरून काढणारी बखर हाती असताना तुटक अस्सल पत्रे कशाला? बखर सर्व काही सांगते. पत्र एकच गोष्ट सांगते, पण तिची तारीख पक्की असते. बखर फेकून द्यायची नसते. पत्राशी ताडून वाचायची असते. जाळीवरचे उत्तर ही बखर आहे. हर्ट्झ हे पत्र आहे. उपमा ताणू नका, पण विसरूही नका.

३०/
कोणी म्हणेल, हा सगळा शब्दांचा खेळ. निवृत्त म्हटले काय आणि परीक्षक म्हटले काय. तर मग रुळांकडे चला. आगगाडीचे चाक रुळावर टेकते ती जागा साधारण एखाद्या नाण्याएवढी असते. मुंबईच्या लोकलचेही तसेच. सबंध डब्याचा भार अशा मूठभर नाण्यांवर.

३१/
१७ ऑक्टोबर २००० रोजी लंडनहून लीड्सला जाणारी गाडी हॅटफील्डजवळ ताशी सुमारे १८५ किलोमीटर वेगाने वळणावर असताना खालचा रूळ फुटला. त्याचे तीनशेहून अधिक तुकडे झाले. चार माणसे मेली, सत्तरहून अधिक जखमी झाली. कारण : चाकाच्या वारंवार होणाऱ्या स्पर्शाने रुळाच्या आतल्या कोपऱ्यावर पृष्ठापासून सुरू झालेले आणि खोल गेलेले तडे.

३२/
वर्ष २०००. संगणक होते, फायनाइट एलिमेंट होती. चाक आणि रूळ यांच्या लोळत्या स्पर्शासाठी डेल्फ्टच्या योस्ट काल्करने आयुष्यभर घडवलेले कार्यक्रम होते. कार्टरला चौऱ्याहत्तर वर्षे झाली होती, हर्ट्झला एकशे एकोणीस. घर्षणाने शिखर पृष्ठावर येते, हे पुस्तकांत होते. त्या जागेवरचे तडे अपघातापूर्वीच लक्षात आले होते. बदलीचे रूळ आणूनही ठेवले होते. बसवले गेले नव्हते.

३३/
ब्रिटिश रेल्वेचे खासगीकरण नुकतेच झाले होते. रूळ एकाचे, देखभाल कंत्राटदाराकडे, गाड्या तिसऱ्याच्या. अपघातानंतर जाळ्यावर आणखी असे तडे कोठे आणि किती आहेत, हे मालक कंपनीला खात्रीने सांगता येईना. हजारहून अधिक ठिकाणी वेगमर्यादा लावाव्या लागल्या आणि वर्षभरात ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली गेली. नवे साधन आले की जुने ज्ञान त्यात आपोआप सामावले जाते, असे मानणाऱ्यांनी या एका वर्षाचा इतिहास वाचावा. ज्ञान कोणाच्या तरी डोक्यात, कोणाच्या तरी कामाच्या यादीत असावे लागते. कालबाह्य ठरवलेली गोष्ट प्रथम त्या यादीतून जाते.

३४/
दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही एक शब्द. संगणक ही कुबडी, खरी बुद्धी कागदावरच, असे म्हणत हर्ट्झचे गोडवे गाणारे धागेही मी वाचले आहेत. हर्ट्झने सूत्रानंतर थांबून प्रयोग केले. श्ट्रिबेकने सूत्र प्रयोगशाळेत नेऊन घासून पाहिले. फिकेराने उत्तराचा आकडा काढलाच नाही, उत्तर असते एवढेच सिद्ध केले, आणि कोणाला तरी ते जाळीवर काढावे लागले. यांतल्या कोणाचाही वापर दुसऱ्याला हिणवण्यासाठी करता येत नाही.

३५/
आणि ज्यांना अजूनही निवृत्ती मान्य आहे, त्यांच्यासाठी एक साधे काम. मोफत मिळणारे कोणतेही फायनाइट एलिमेंट पॅकेज घ्या. १० मिलिमीटरचा छर्रा, सपाट पाट, १०० न्यूटन. हर्ट्झकडे न पाहता जाळी करा आणि मध्यावरच्या दाबाचा आकडा या धाग्याखाली लिहा, सोबत किती तुकडे घेतले तेही. पहिल्याच प्रयत्नात २.१८च्या आसपास पोहोचलेल्यांची नावे पुढच्या धाग्यात देईन. पुढचा धागा कार्टरवर आहे.